दुसऱ्या रेघेवरचा काटा

जुबेदा शिकलगार गुरुवारी सकाळी गेली. तिच्या भावाचा, सिकंदरभाईंचा फोन आला. "ताई, आपा गेली. दुपारच्या नमाजानंतर नेणार हाय. तुमी या." मी कुंडलच्या स्टँडवर एसटी धरली आणि कराडला गेले. घरात बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. मी तिचा चेहरा पाहिला. मग पुरुषांनी तिला नेलं आणि आम्ही बायका घरातच थांबलो.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर दाराच्या चौकटीशी खिळ्याला तिचा ताणकाटा टांगलेला दिसला. ज्यांनी शाळेनंतर तो कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ताणकाटा म्हणजे एक लांबट पितळी पट्टी असते, तिच्या आत स्प्रिंग आणि खाली एक आकडा. आकड्याला काही अडकवलं की स्प्रिंग ताणते आणि पट्टीवरचा काटा रेघारेघांनी खाली सरकतो. त्यावरून वजन कळतं, बल कळतं. जुबेदाच्या ताणकाट्याला काही अडकवलेलं नसलं तरी त्याचा काटा शून्यावर नसायचा, शून्याखालच्या दुसऱ्या रेघेवर असायचा. त्या दिवशीही तिथंच होता. मी पाणी न पिताच बाहेर येऊन बसले.

आता काही आठवडे होऊन गेले आहेत. लिहायला बसले की तिच्या रागावण्यापेक्षा हसणंच आधी आठवतं, आणि मग मी थांबते... ती असती तर म्हणाली असती, "विमल, एवढा वेळ पेन धरून बसलीस, पेन हाललं का? न्हाई ना? मग कार्य शून्य."

कुंडलपासून सायकलच्या अंतरावर असलेल्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोघी नोकरीला होतो. मी मराठी शिकवायची आणि ग्रंथालय सांभाळायची. मूळची मी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. लग्न होऊन इकडच्या उसाच्या मुलखात आले होते आणि फार बोलत नसे. जुबेदा माझ्यानंतर वर्षभरानं विज्ञान शिकवायला आली. तेव्हा आमची प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचं कपाट होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असायची. भिंगं, चुंबकं, वजनं, कप्प्या असं सगळं सामान आत होतं, पण मुलांनी ते काचेतूनच पाहायचं, असा नियम होता. पहिल्याच आठवड्यात जुबेदा किल्ली मागायला गेली.

"मोडलं तर?" मुख्याध्यापक म्हणाले.

"मोडलं तर मोडलं, सर. आवं, हात न लावता विज्ञान शिकवायचं म्हंजे पोराला पाण्यात न घालता पोहायला शिकवायचं."

त्यांनी किल्ली दिली, पण म्हणाले, "मोडतोड झाली तर जबाबदारी तुमची." तिनं ती जबाबदारी अगदी अंगावर घेतली. आणि गंमत अशी की तिच्या सगळ्या नोकरीत प्रयोगशाळेतली एकच वस्तू कायमची बिघडली, आणि ती तिच्याच हातून.

तिच्या वडिलांचं कराडात हायवेला ट्रकचे पाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. ट्रकच्या खाली, चाकाच्या वर, एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी असतात, त्यांना पाटे म्हणतात. उसाचा हंगाम आला की जादा भरलेल्या गाड्यांचे पाटे बसायचे, म्हणजे कमान सपाट व्हायची, आणि त्यांच्या दुकानापुढं ट्रकांची रांग लागायची. खंडेनवमीला सगळे ट्रकवाले हत्यारं पुजतात, तसे तिचे वडीलही ऐरणीला आणि घणाला झेंडूचा हार घालून घ्यायचे. गिऱ्हाईकंच हार आणून घालायची आणि ते आनंदानं घालू द्यायचे. जुबेदानं ही रीत शाळेत आणली. त्या वर्षी खंडेनवमीला तिनं प्रयोगशाळेतली झाडून सगळी उपकरणं टेबलावर मांडली, मुलींकडून पुसून घेतली, फुलं वाहिली. ताणकाटा भिंतीवरच्या खिळ्याला टांगून त्याला वरून हार घातला. प्रसादासाठी नारळ आणि गुळाची एक लहान ढेप आणली होती. मुख्याध्यापक त्या दिवशी पंचायत समितीत अडकले, म्हणून नारळ फोडायचा राहिला. गूळ खाली ठेवला तर मुंग्या लागतील, म्हणून तिनं सगळं पिशवीत भरलं, आणि समोर आयता आकडा दिसला त्याला पिशवी अडकवली. दसऱ्याला जोडून सुट्ट्या आल्या. आम्ही आपापल्या घरी गेलो.

परत आल्यावर तिनं पिशवी काढली. काटा वर आला, पण शून्यापर्यंत आला नाही. दुसऱ्या रेघेवर थांबला. तिनं टिचकी मारली, हलवून पाहिलं. तो दुसऱ्या रेघेवरच.

मी तिथंच होते. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पाटेवाल्याची पोर मी. आन् स्प्रिंगला गुळाची ढेप टांगून घरी गेले." मग खुर्चीवर बसून इतकी हसली की मलाही हसू आवरेना. मुख्याध्यापकांना तिनं लगेच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आता हा फेकून द्यायचा." ती म्हणाली, "आता तर ह्याचं शिकवणं सुरू झालंय."

त्यानंतर दर वर्षी स्थितिस्थापकतेचा धडा आला की ती त्या ताणकाट्यापासून सुरुवात करायची. आधी स्वतःची चूक सांगायची, ढेपेसकट, मुंग्यांसकट. मुलं हसून घ्यायची. मग ती विचारायची, आता हा ताणकाटा बाद झाला का? मुलं म्हणायची, झाला. मग ती वजनं लावायची. एक वजन लावलं की काटा जितका खाली जायचा, दुसरं लावलं की पुन्हा तितकाच जायचा. "बघा," ती म्हणायची, "मर्यादेच्या आत ताणलं आन् सोडलं तर स्प्रिंग मूळ जागी येती. मर्यादेबाहेर ताणलं तर पुरती परत येत न्हाई. पण ताणायचं इसरत न्हाई. हिशोब तोच हाय, फक्त सुरुवात बदलली. दोन रेघा वजा करा आन् वाचा." शाळेत नवा ताणकाटा आला तरी मुलं हाच मागायची. त्या दुसऱ्या रेघेला सगळे 'बाईंची रेघ' म्हणायचे.

एकदा ती नववीचा वर्ग कराडला वडिलांच्या दुकानात घेऊन गेली, मुलींवर लक्ष ठेवायला मलाही नेलं. भट्टीत पाटा लाल होताना, घणाखाली पुन्हा कमान धरताना मुलांनी पाहिलं. एका मुलीनं विचारलं, "बाबा, किती ओझं झालं की पाटा बसतो?" म्हातारबाबांनी घाम पुसला आणि समोर बिडी ओढत बसलेल्या ड्रायव्हरकडे बोट केलं. "ह्यो सांगतो तेवढ्या ओझ्याला कवाच बसत न्हाई, बाळा." ड्रायव्हरसकट सगळे हसले. परतताना एसटीत जुबेदा मला म्हणाली, "अब्बांच्या दुकानात पोरगी म्हणून मला घणाला हात लावू दिला न्हाई कुणी. लांब बसून बघायचं. काचेच्या कपाटासारखं." एवढंच बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली. किल्ली मागायला ती एवढ्या घाईनं का गेली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

तिची आणखी एक आठवण गावात अजून निघते. कार्याच्या धड्यात एक उदाहरण असतं: डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं चालणाऱ्या माणसानं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं कार्य शून्य असतं, कारण ओझं वरखाली होत नाही. हे शिकवत असताना मनीषा नावाची एक मुलगी उभी राहिली. तिची आई ऊसतोडीला जायची. "बाई, माझी आई मोळी डोक्यावर घेऊन फडातनं ट्रॅक्टरपातूर जाती. दिवसभर. तिचं शून्य?" मी व्हरांड्यातून जाताना ते ऐकलं आणि थांबले, कारण मराठीची बाई म्हणून 'कार्य' या शब्दाची मलाही काळजी होती. जुबेदा म्हणाली, "चल, बघूनच येऊ." आणि सगळा वर्ग फडाकडे निघाला, मागोमाग मीही.

मनीषाच्या आईला आधी वाटलं, पोरीनं शाळेत काही उद्योग केला. खरी गोष्ट कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमी घ्या की एकदा डोक्यावर. मग सांगा शून्य हाय का किती हाय."

"द्या," जुबेदा म्हणाली. तिनं ओढणीची चुंबळ केली, मोळी डोक्यावर घेतली. सपाटीवरून ट्रॉलीपर्यंत चालत गेली. "हितपातूर पुस्तकातलं कार्य शून्य," ती मान न हलवता ओरडली, "आन् माझी मान मोडली ती निराळी!" मग ट्रॉलीला लावलेल्या फळीवर पाय ठेवला. फळी लवली. टोळीतले गडी "सांभाळा, बाई, सांभाळा" म्हणत पुढं झाले. ती एकेक पाऊल टाकत वर गेली आणि मोळी ट्रॉलीत टाकली. वरूनच म्हणाली, "आता झालं कार्य! मनीषा, मोळी किती उंच आली ते मोज." मनीषाची आई टाळ्या वाजवत होती. खाली उतरल्यावर जुबेदानं मुलांना सांगितलं, की पुस्तकानं आपल्या बोलण्यातला एक शब्द उचलला आणि त्याला एक बारीक अर्थ दिला. तो मोजायला सोयीचा आहे म्हणून दिला. माणसाचे कष्ट मोजायला तो दिलेला नाही. हे सांगताना तिच्या केसांत उसाचं पाचट अडकलं होतं आणि मान वाकडी झाली होती. पुढं आठवडाभर ती वाकडीच राहिली.

निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा, संक्रांतीच्या सुमाराला, तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात गेला, उजवा पायही ओढायला लागला. कराडच्या दवाखान्यातून सिकंदरभाई तिला आपल्या घरी घेऊन गेले. जुबेदानं लग्न केलं नव्हतं, शाळेच्या गावात दोन खोल्यांत एकटी राहायची. सिकंदरभाईंचं म्हणणं सरळ होतं. "आपा, आता फळ्याफिळ्याचं बास झालं. राजीनामा दे. खाटेवर बसून राहा, आमी हाय की." ते मायेनं बोलत होते आणि चूक काही बोलत नव्हते. जुबेदा म्हणाली, "जूनपातूर थांब. जूनमधी खडू धरता आला न्हाई तर मीच देते राजीनामा." त्यांनी मान डोलावली. जून येईल आणि जाईल, असं त्यांना वाटत असावं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

तिला भेटून मी निघताना ती म्हणाली, "विमल, माझा ताणकाटा आणून दे."

मी पुढच्या रविवारी नेला. सिकंदरभाईंनी तो तिच्या खाटेजवळ खिडकीच्या गजाला बांधला. दवाखान्यातली मुलगी येऊन हाताचे व्यायाम करून घ्यायची. तिनं नेमून दिलेले झाले की जुबेदा उजव्या हाताचं बोट डाव्या हातानं उचलून ताणकाट्याच्या आकड्यात अडकवायची आणि ओढायची. म्हणजे ओढायचा प्रयत्न करायची. मान ताठ व्हायची, कपाळावर घाम यायचा. मी रविवारी असले की वाचायचं काम माझ्याकडे.

"वाच."

"दुसऱ्या रेघेवर."

"म्हंजे शून्य," ती म्हणायची. "दिवसभर ओढतीय, दमले लय, आन् कार्य शून्य." मग हसायची आणि पुन्हा ओढायची.

असे पुष्कळ रविवार गेले. एकदा मी काट्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. तिला काही चांगलं सांगावं असं फार वाटत होतं. ती म्हणाली, "मराठीची बाई हायस म्हणून फुलवून सांगू नको. रेघ सांग." मी रेघ सांगितली. ती दुसरीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. मी शेजारी बसून राहिले. एसटीची वेळ झाली तेव्हा तिकडे तोंड करूनच म्हणाली, "येत्या रविवारी ये मात्र."

ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी पोचले तर ती माझी वाटच पाहत होती. "मला वाटतंय काहीतरी झालंय," ती म्हणाली, "पण मला वाटतंय म्हणून काय उपयोग. तू वाच." तिनं बोट अडकवलं, ओढलं. मी चष्मा पुसून पाहिलं.

"दुसरीच्या खाली," मी म्हणाले.

"किती खाली?"

"केसभर."

"नीट बघ. केसभर तरी हाय का?"

"आहे गं. केसभर आहे."

"मग हाललं म्हंजे. बल लावलं, आन् हाललं. सिकंदर! ए सिकंदर! बघ की हितं!"

सिकंदरभाई चहा घेऊन दाराशी आलेच होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली, खाली वाकून काटा पाहिला, बहिणीच्या बोटाकडे पाहिलं आणि तडक दुकानात गेले; वडिलांचं दुकान आता तेच सांभाळायचे. संध्याकाळी परत आले ते पातळ पाट्याची एक पट्टी वाकवून केलेला चिमटा घेऊन. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. "हे मुठीत धर आन् दाबत राहा," ते म्हणाले. "जड वाटला तर सांग, आणखी पातळ करून देतो." राजीनाम्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. जुबेदा तो चिमटा जेवताना, बोलताना, बातम्या ऐकतानाही दाबत बसायची. काटा तिसऱ्या रेघेवर गेला, मग आणखी खाली. पूर्वीसारखा हात झाला नाही. डॉक्टरांनीही तसं स्पष्ट सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं, जणू तिला ते आधीपासून माहीत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ती काठी टेकत वर्गात गेली. मी ग्रंथालय बंद करून मागच्या बाकावर जाऊन बसले. तिनं डाव्या हातानं उजव्या हातात खडू दिला आणि फळ्यावर नेला. 'बल' हा शब्द लिहायला तिला इतका वेळ लागला की मुलं श्वास धरून बसली. 'ल' लिहिताना खडू सुटून खाली पडला. पुढच्या बाकावरची मुलगी उचलायला धावली.

"थांब," जुबेदा म्हणाली. "गुरुत्वाकर्षणाचा धडा अजून यायचाय. मधीच कशाला घेतीस?"

सगळा वर्ग हसला. ती काठीवर भार देऊन वाकली, खडू उचलला, पुन्हा उजव्या हातात दिला आणि शब्द पुरा केला. अक्षर वाकडं आलं, ओळ वर चढत गेली. मग तिनं पिशवीतून ताणकाटा काढला आणि सगळ्यांना दाखवला. त्या मुलांना तो ठाऊक होता. "माझा हात आता ह्याच्यावानी हाय," ती म्हणाली. "ह्याची सुरुवात दुसऱ्या रेघेवर हाय. मी लिहीन ते तेवढं वजा करून वाचा." त्यावर मात्र कुणी हसलं नाही. एका मुलानं मागून म्हटलं, "वाचता येतंय, बाई." आणि तास सुरू झाला.

तिनं उरलेली दोन्ही वर्षं शिकवलं. निरोपाच्या दिवशी शाळेनं शाल, श्रीफळ दिलं, आणि मोडीत काढायच्या सामानातला तो ताणकाटाही तिनं मागितला म्हणून दिला. मग ती कराडला भावाकडे राहायला गेली. मी रविवारची जात राहिले. ती माझ्या पुस्तकांना नावं ठेवायची, मी तिच्या चहाला. मनीषा आता एका शाळेत विज्ञान शिकवते आणि प्रयोगशाळेचं कपाट उघडं ठेवते, हे जुबेदानंच मला दोनदा सांगितलं; दुसऱ्यांदा सांगताना आपण आधी सांगितलंय हे ती विसरली होती, आणि मी तसं बोलले नाही. शेवटच्या भेटीत तिनं मला घरच्या परसातला घेवडा दिला. पिशवी ताणकाट्याला अडकवली, डोळे बारीक करून पाहिलं, दोन रेघा वजा केल्या आणि वजन सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मला काय विकायचा आहे?" ती म्हणाली, "किती दिलं ते देणाऱ्याला कळाया नको व्हय?"

तिच्या चाळिसाव्या दिवसाला गेले तेव्हा सिकंदरभाईंनी ताणकाटा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. चिमटा त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे, दुकानात, गल्ल्याशेजारी. ते म्हणाले, "हे तुमीच न्या, ताई. आमच्या घरात हे कुणाला वाचता येत न्हाई. तुमाला येतं."

ताणकाटा आता माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या गजाला टांगलेला आहे. त्याला काही अडकवलेलं नाही. काटा दुसऱ्या रेघेवर आहे.